महास्फोटाची साक्ष काढू नका

रविवारच्या पुरवणीतील विश्वाच्या उत्पत्तीवरचा लेख वाचला. महास्फोट (बिग बँग) झाला म्हणजे विश्वाला आरंभ आहे आणि आरंभ आहे म्हणजे कर्ताही असलाच पाहिजे, हे लेखकाचे म्हणणे पटले नाही.

गंमत अशी की, या सिद्धांताची पायाभरणी करणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९३१ मध्ये त्यांनी ‘आद्य अणू’ची, म्हणजे सारे विश्व एकाच अतिघन बीजातून उपजल्याची, कल्पना मांडली. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात निर्मात्याची खूण पाहिली, तेव्हा ते लमेत्र यांनाच रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून अलिप्त आहे, अशी त्यांची भूमिका होती. सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वीच्या अतितप्त, अतिघन अवस्थेपासून विश्व कसे प्रसरण पावत गेले, एवढेच तो सांगतो. त्याआधी काय होते, किंबहुना ‘आधी’ या शब्दाला तिथे काही अर्थ उरतो का, याचे उत्तर त्यात नाही. तेव्हा नास्तिकांनीही त्याच्या जोरावर फार उड्या मारू नयेत.

आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांना तर महास्फोटच मान्य नव्हता. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांच्यासह त्यांनी विश्वाला असा एकच आरंभ न मानणारी पर्यायी मांडणी केली. ती बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाही, हे खरे. पण लेखात त्यांचा साधा उल्लेखही नसावा?

मी स्वतः अंबाबाईच्या किरणोत्सवाला न चुकता जातो. देवीपुढे हात जोडताना प्रसरणशील विश्वाच्या गणिताची गरज मला कधी भासली नाही.

– एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर