रीडिंग वीक आणि लंडनची म्युझियम्स

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी लंडनमध्ये शिकतेय, रीडिंग वीकमध्ये, म्हणजे वाचनासाठी दिलेल्या आठवड्यात, लेक्चर्स नसतात तर बरीच मुलं सरळ युरोप फिरायला जातात, पण मी म्युझियम्स आणि नाटकं बघितली आणि मनापासून सांगते, इथे शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हे करावंच. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), टेट मॉडर्न, सगळीकडे कायमचं कलेक्शन फुकट बघता येतं, शुक्रवारी तर यातली काही ठिकाणं रात्रीपर्यंत उघडी असतात, त्यामुळे दिवसभर लायब्ररीत बसूनही जमतं.

व्ही अँड एमध्ये टिपू सुलतानचा लाकडी वाघ आहे, १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर लुटून नेलेला. वाघाच्या पोटात चक्क बाजाच्या पट्ट्या आहेत आणि बाजूचा दांडा फिरवला की वाघाखाली पडलेल्या गोऱ्या माणसाच्या पुतळ्याचा हात हलावा अशी रचना आहे. मी काचेजवळून हटेचना! आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये बघतानाही खूप भरून आलं आणि रागही आला, कारण ती कशी आली हे पाटीवर अजून ठळक लिहायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

शेक्सपिअरची नाटकं जिथे व्हायची ते ग्लोब थिएटर १९९७ मध्ये जुन्या पद्धतीने पुन्हा बांधलंय, मधला भाग उघडा, तिथे स्वस्तात उभं राहून नाटक बघायचं, पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही, पाय दुखतात पण नट अगदी हाताच्या अंतरावर असतात. युनिव्हर्सिटीतल्या मराठी मंडळींनी नव्या मुलांना पहिल्याच महिन्यात इथे घेऊन जावं.

- एक विद्यार्थिनी, लंडन