आई, मीठ कमी केलंस ते सांगायचंस तरी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "बोलून काय होतंय, माणसानं करून दाखवावं" आणि लगेच घे आईशी बोल म्हणून फोन तिकडं दिला. मी काही बोलले असते तर जेवलीस का विचारून विषय बंद केला असता, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. चष्मा लावून वाचा, दोघांनी.

बाबा, तुमचं निम्मं बरोबरच आहे. इथं पुण्यात माझ्या ओळखीतले लोक फीलिंगवर तासन्‌तास बोलतात आणि रूम बदलायच्या दिवशी टेम्पोत गादी चढवायला एक जण येत नाही. आपल्याकडं उलटं, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही रात्री कधीही, तरी आईची झोपमोड नको म्हणून तुम्ही एकटे उठून पिंप भरणार आणि सकाळी त्याचा शब्द नाही. आई माझ्याशी भांडली तरी ट्रॅव्हल्सवाल्याकडं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा येतोच, डबा आला की समजायचं राग गेला. मला हे आवडतं, सॉरी-बिरीपेक्षा चटणी कधीही बरी, निदान खाता तरी येते.

आणि रागाचं बोलून मोकळं व्हायचं म्हणतात ना, त्यातही फार दम नाही. 2024 मध्ये अमेरिकेत 154 अभ्यास एकत्र करून तपासले, दहा हजारांवर माणसं होती त्यात, तर राग नुसता बाहेर काढला की तो कमी होतो असं काही दिसलं नाही. पण बाबा लगेच खूश होऊ नका, पळून घाम गाळूनही नाही झाला. श्वास सावकाश घेणं, ध्यान, योगा असलं शरीर थंड करणारं केल्यावर उतरला. म्हणजे राग आला की तुम्ही लुना घासत बसता त्यानं लुना चकचकीत होते, तुमचं काय होतं ते आईला विचारा.

आता मिठाचं. दिवाळीत आले तेव्हा बघितलं, आईनं गुपचूप भाजी-आमटीतलं मीठ कमी केलेलं. का, तर बाबांचे पाय सुजतात आणि जिना चढला की दम लागतो हे तिनं बघितलं होतं. बोलली नाही. आणि बाबांना काय वाटलं, तर हिच्या हाताची चव गेली, वय झालं बिचारीचं, तिला वाईट वाटू नये म्हणून तेपण बोलले नाहीत, ती आत वळली की वरून मीठ भुरभुरवायचे! दोघांनी एकमेकांसाठीच केलं की हो सगळं, आणि मीठ होतं तेवढंच पोटात गेलं, वर चटणी-लोणचं वेगळं. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणतात, म्हणजे सगळं धरून एक छोटा चमचा. मला हसू पण आलं आणि रडू पण. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला बाबा अक्षतांना गेले नाहीत, गर्दी नको म्हणाले, सोलापूरचा माणूस असं म्हणतो तेव्हाच मला खटकलं होतं.

बाबा म्हणतील डॉ. कोटणीस काय भाषण देत बसले होते का, गेले ना चीनला. लहानपणापासून ऐकतेय तुमच्याकडून, आपल्या सोलापूरचे, 1938 ला गेले, 1942 ला तिथंच वारले, वय 32. मान्य, पण त्याच्या आधीचं तुम्ही सांगत नाही. चीनच्या चू दे या सेनापतीनं नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती, आमचे सैनिक जखमी आहेत, डॉक्टर पाहिजेत. मग पाच डॉक्टर गेले. त्यानंही मुकाट सोसलं असतं तर इथल्या कुणाला काय कळणार होतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. माया नाही बोलून दाखवली तरी चालतंय, मला पोचते ती. दुखतंय ते मात्र तोंडानं सांगायचं, कारण तुम्ही सांगितलं नाही तर मी करू काय? पोरीला टेन्शन नको म्हणून लपवता आणि मला शेजारच्या काकूंकडून कळतं. मग मी इथं बसून नुसती काळजी करते, म्हणजे तुम्हाला न आवडणारं तेच, काही न करता नुसतं वाटत बसणं. तुम्हाला करायला आवडतं तसं मलापण आवडतं, तुमच्यावरच गेलेय ना.

तर शनिवारी येतेय. सोमवारची सुट्टी टाकलीय, सकाळी बाबांना घेऊन डॉक्टरकडं जायचंय, नंबर लावलाय. तिथं "तसं काही नाही, थोडं थकल्यासारखं" म्हणायचं नाही, कधीपासून, किती पायऱ्यांवर दम लागतो, रात्री झोपल्यावर काय होतं, सगळं सांगायचं. नाही सांगितलं तर आई सांगेल, आणि आई तूपण गप्प बसलीस तर काकूंना सोबत घेऊन जाईन, त्या तयारच आहेत.

तुमची,
छोटी

ता. क. चटणी संपलीय. या वेळी मीठ कमी घाल आणि तसं डब्यावर लिही, नाहीतर मी वरून घालीन.