माळावर मेंढ्या किती, ते गवत तोलून ठरवा

लास क्रूसेस, न्यू मेक्सिको

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

माणमधल्या आपल्या ४० एकर माळावर ६० मेंढ्या राहतील का, असं तुम्ही विचारलंत. नेरुळहून अंदाज बांधू नका. गवत कापून, वाळवून, तोलूनच ते कळेल.

ऑक्टोबरात गवताला बी धरलं की कापणी करा, तोवर माळ राखून ठेवा. अर्धा मीटर लांबी-रुंदीची सळईची चौकट करा. माळभर सरळ रेषांत चालत दर ५० पावलांवर ती टेकवा, निदान ४० ठिकाणी. चौकटीत नुसता खडक आला तरी ती सरकवायची नाही, वहीत शून्य लिहायचं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. हात आपोआप दाट झुपक्याकडे जातो आणि आकडा फुगतो. गवत जमिनीलगत कापा. तरोटा आणि रुई बाजूला काढा, ती मेंढीच्या पोटात जाणार नाहीत.

पिशव्या भरून नेरुळला मात्र आणू नका. खाडीच्या हवेत वाळलेलं गवत रात्रीत ओल धरतं आणि वजन खोटं भरतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटाच गावी न्या. काडी वाकवल्यावर कट्‌कन मोडली आणि लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरलं, की आकडा लिहा.

सरासरी ग्रॅमना ४० ने गुणलं की हेक्टरी किलो निघतात. समजा २० ग्रॅम भरले, तर हेक्टरी ८०० किलो. आपल्या १६ हेक्टरांचं १२,८०० किलो. पण ते सगळं मेंढ्यांचं नव्हे! निम्मं तरी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर मुळं खंगतात, माती उघडी पडते आणि पुढच्या वर्षी कुसळंच उरतात. शिवाय काही तुडवलं जातं, काही वाळवी खाते. म्हणून मी ३० टक्केच धरतो : ३,८४० किलो. ३० किलोची मेंढी दिवसाला वजनाच्या ३ टक्के, म्हणजे ९०० ग्रॅम सुकं गवत खाते, वर्षाला साधारण ३३० किलो. आल्या ११ मेंढ्या. वर्षातले चार महिने कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात चराई मिळणार असेल, तर १७.

इथल्या विद्यापीठातले चराऊ रानांचे अभ्यासक जेरी होलेचेक यांनी १९८८ साली गुरांसाठी उतार आणि पाण्याची वजावट मांडली. ११ ते ३० टक्के उतारावर चराई ३० टक्क्यांनी कमी धरायची, आणि पाण्यापासून ३.२ किलोमीटरच्या पुढची जमीन हिशेबातच घ्यायची नाही. मेंढी चढावर गुरांपेक्षा सहज जाते, पण ओढ्याकाठचा पट्टा आधी संपतो आणि वरचं गवत तसंच राहतं, हे आपल्याकडेही होणारच.

एका चांगल्या पावसाच्या मोजणीवर कळप वाढवू नका. मोजणी दरवर्षी करा, मूळ माद्या वाईट वर्षाच्या हिशेबाने ठेवा आणि जास्तीचं गवत कोकरांना द्या. ऑक्टोबरात वजन कमी भरलं तर विक्री दिवाळीच्या सुमारास उरका. मार्चमध्ये मेंढी हडकलेली असते, सगळेच विकायला निघतात आणि भाव पडतो.

वहीच्या पानांचे फोटो पाठवा, बेरजा मी तपासतो. काकूंना नमस्कार.

आपला पुतण्या