थकलेल्या हप्त्याची विचारणा : बचत गटातील सर्व ताईंसाठी सूचना

ताईंनो, हप्ता थकला म्हणून कुणाला भर बैठकीत बोलू नका. अपमान झालेली बाई पुढच्या बैठकीला येत नाही, मग हप्ताही येत नाही. अध्यक्ष अन् सचिव दोघींनी मिळून घरी जावं. एकटीनं केलेलं बोलणं उद्या फिरतं. सासू, दीर समोर असतील तर विषय काढू नये. सोयाबीन विकायचं राहिलंय की दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचंय, हे विचारून नवी तारीख ठरवा.

आकडे मात्र उघडेच. सगळ्यांचीच बचत, कर्ज अन् बाकी मोठ्यानं वाचा, फक्त थकलेलीचीच नको. मुदतवाढ ठरावात लिहा. गुपचूप सवलतीनं गट फुटतो. अंगठा घेण्याआधी ठराव वाचून दाखवा.