बी विंगच्या काकांना, दगडी गोट्यांच्या हिशेबाबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर फक्त फोन घेता, त्यामुळे हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. तिला सांगून ठेवलंय, आजोबा मध्येच "पुरे" म्हणाले तरी थांबायचं नाही.

मागच्या भिंतीलगतचा पट्टा झाला एकदाचा. दर जुलैत छज्ज्यावरून पडणारं पाणी तिथला चिखल तळमजल्याच्या खिडक्यांवर उडवायचं. जोशीबाईंचे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागायचे आणि बोलणी मी खायची. म्हणून तिथे गोटे टाकायचं ठरलं. कंत्राटदाराने कोटेशन दिलं: एक ब्रास. आम्हा कमिटीवाल्यांना आकडा ओळखीचा वाटला, कुणी काही विचारलं नाही. तुम्ही तेवढे जिन्यात मला थांबवून म्हणालात, "एक ब्रास म्हणजे बरोब्बर शंभर घनफूट. आपली जागा इतकी शहाणी कधीपासून झाली?"

आयुष्यभर साइटवर एम.बी., म्हणजे मोजमापाची वही, लिहिलेल्या माणसाला गोल आकड्याचा वास येतो, हे मला तेव्हा कळलं. शंभर आले कुठून तेही तुम्हीच उलगडून दाखवलंत. लांबी ६० फूट, रुंदी गेटपाशी मोजलेली ५ फूट, थर ४ इंच. तीनशे गुणिले चार भागिले बारा. तो माणूस लबाड होता असं मी म्हणत नाही. त्याने एका टोकाला टेप लावला आणि बाकीचं डोळ्यांनी मोजलं, इतकंच.

त्या रविवारी तुम्ही मला टेप घेऊन खाली बोलावलंत, तेव्हा खरं सांगते, कंटाळा आला होता. वाटलं, सांगून टाका ना किती ते. पण तुम्ही खुर्ची टाकून बसलात आणि दर दहा फुटांवर रुंदी घ्यायला लावलीत. वॉचमन एका टोकाला, मी दुसऱ्या. टेपला झोळ पडला की तुमचा आवाज यायचा, "ताण!" सात मापं झाली. पंपाच्या खोलीकडे पट्टा जेमतेम तीन फुटांचा आहे, हे अकरा वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं. सरासरी निघाली ४ फूट, म्हणजे क्षेत्रफळ २४० चौरस फूट. त्यातून ड्रेनेजची तीन चेंबरं, दोन बाय दोनची, असे १२ वजा. दोन नारळांची आळी, प्रत्येकी तीन फूट व्यासाची, त्यांचे १४ वजा. उरले २१४.

थराबद्दल तुमचा नियम माझ्या डोक्यात पक्का बसलाय: गोट्याच्या मापाच्या निदान दुप्पट. आमचा गोटा पाऊण ते एक इंचाचा, म्हणून दोन इंच पुरे. मग मी कॅल्क्युलेटरवर ऐटीत २१४ गुणिले ०.२ केलं आणि ४२.८ असं वाचून दाखवलं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "अगं, फुटाला दहा इंच कधी झाले?" मी बी.कॉम. आहे काका, आणि ही चूक मी कुणालाही सांगितली नव्हती. आज सांगते. बाराने भागल्यावर आले ३५.७ घनफूट. कोपऱ्यातली खाच, मातीत दबणारे, पोरांनी खिशात घालून नेलेले धरून वर दहा टक्के. साधारण चाळीस घनफूट, म्हणजे अर्धा ब्राससुद्धा नाही.

पण मला सगळ्यात आवडली ती बादलीची गंमत. दुकानदार गोणीवर देणार आणि आपला हिशेब घनफुटात, मग मेळ कसा घालायचा? तुम्ही रंगाची रिकामी २० लिटरची बादली मागवलीत, नमुन्याच्या गोट्यांनी काठोकाठ भरलीत आणि कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवायला लावलीत. बादलीचं वजन वगळून ३१ किलो. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणजे घनफुटाला ४४ किलो. मग त्याच भरलेल्या बादलीत तुम्ही मगाने पाणी ओतायला लावलंत. ओततच राहिले मी! जवळजवळ आठ लिटर पाणी गडप झालं तेव्हा कुठे काठाला आलं. "बघ, बादलीत चाळीस टक्के हवा होती. म्हणून अखंड दगडाचं वजन धरून हिशेब करायचा नाही." रद्दीवाला दुकान सोडून बघत उभा होता.

चाळीस गुणिले चव्वेचाळीस, १७६० किलो. पन्नास किलोच्या ३६ गोण्या सांगितल्या. एक ब्रास आला असता तर साडेचार टनांच्या आसपास माल गेटवर पडला असता आणि उरलेला ढीग ठेवायचा कुठे यावरून पुन्हा जनरल बॉडी. आपल्या गल्लीत मोठा ट्रक वळतही नाही. छोटा हत्ती म्हणतात त्या लहान टेम्पोच्या तीन खेपांत काम झालं. आलेल्या गोण्यांपैकी चार तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्याच काट्यावर घातल्या. एक ४६ भरली. दुकानदाराने मुकाट्याने एक गोणी जास्तीची दिली.

खाली प्लॅस्टिक घालू नका हा तुमचा हट्ट होता, त्यावरून आपलं थोडं वाजलंही. पाणी साचून डास झाले की पालिकेची नोटीस येते, हे तुमचं म्हणणं मान्य करून पाणी झिरपणारं जिओटेक्स्टाइल कापड घातलं. त्यातून गवत उगवलं तर काय ते पुढच्या वर्षी बघू. त्याबाबत मला अजून शंका आहे.

परवाच्या पहिल्या मोठ्या सरीत मी छत्री घेऊन खाली गेले होते. पाणी गोट्यांत शिरलं आणि दिसेनासं झालं. जोशीबाईंनी दुसऱ्या दिवशी खिडकीतून हात केला, कपडे दाखवायला.

तुमच्या जुन्या पद्धतीने वहीत नोंद केली आहे, तपासून सही करा: आल्या ३७, लागल्या ३४, शिल्लक ३ गोण्या, वॉचमनच्या केबिनमागे.

आपली,
ए विंगची सेक्रेटरी