बाबा अर्धे बरोबर, आई थोडी जास्त

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर तुमचं जे जुंपलं होतं ना, बाबा म्हणत होते वाघाला शिकार कोणी शिकवावी लागत नाही ते रक्तातच असतं, आणि आई म्हणत होती आईशिवाय बछडा चार दिवस जगायचा नाही, आणि शेवटी दोघंही माझ्यावर उलटलात की तूच सांग. तर मी बरंच वाचलं, व्हिडिओ पण पाहिले.

दबा धरणं, झडप घालणं हे खरंच कोणी सांगत नाही. बछडे दीड-दोन महिन्यांचे असतानाच एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, आईची शेपटी हलली की तिच्यावर पण. पण बाबा, चावायचं कुठे हे त्यांना कळत नाही! जन्मतात तेव्हा जेमतेम किलोभराचे, डोळे मिटलेले, पुढे पाच-सहा महिने दूध पितात आणि मग आईच्या मागे मागे फिरायला लागतात. कधी कधी वाघीण एखादं पाडस अर्धमेलं करून त्यांच्यापुढे टाकते आणि स्वतः बाजूला बसते. मग यांचा नुसता गोंधळ, एक शेपूट ओढतोय, एक पाय धरतोय, तेवढ्यात पाडस उठून पळायला बघतं, आणि आईलाच परत उठावं लागतं. मोठ्या जनावराचा गळा धरायचा आणि श्वास कोंडेपर्यंत सोडायचा नाही, हे जमायला वर्ष-दीड वर्ष जातं, पक्के सुळे यायलाच तेवढा वेळ लागतो.

आणि आई, तू लगेच हुरळून जाऊ नकोस. वाघिणीचे स्वतःचेच दहा-वीस प्रयत्न होतात तेव्हा कुठे एक शिकार मिळते. मला तर वाटतं बछड्यांना सगळ्यात जास्त उपयोग याचाच होत असेल, आई हुकते, हरणाच्या मागे उगाच लांबवर पळत नाही, परत येऊन पडते. (मला हे अजून जमत नाही, तुम्हाला माहितीये.)

दीड-दोन वर्षांचे झाले की आई त्यांना जवळ येऊ देत नाही, गुरगुरते. मुली बऱ्याचदा आईच्या शेजारीच हद्द धरतात, मुलगे लांब जातात. आई, हे वाक्य दादाला फॉरवर्ड करू नकोस प्लीज.

रविवारी फोन करते, तोवर नवीन वाद काढून ठेवा.

तुमची,
शेजारी हद्द न धरलेली मुलगी