सोलरची जागा डिसेंबरात बघा, नवतपात नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पारा ४४ वर गेला की नागपुरात सोलर बसवणाऱ्यांच्या फेऱ्या वाढतात. ‘आपल्याकडे ऊन रग्गड, म्हणजे वीजही रग्गड’ या हिशेबावर गच्चीतच सौदा ठरतो. पण पॅनलला उजेड लागतो, उष्मा नाही. पॅनलमागे छापलेले वॉट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. मेच्या दुपारी पॅनल ७० अंशांच्या आसपास तापते आणि नेहमीच्या मोनो (एकस्फटिकी सिलिकॉनच्या) पॅनलचे उत्पादन दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के घटते. फरक ४५ अंशांचा, म्हणजे १५-१६ टक्के गेलेच. ५४५ वॉटचे पॅनल तेव्हा ४६० च्या आसपास देते. यात बिघाड काहीच नाही. दिवस मोठा असल्याने महिन्याची युनिटे निघतात. मात्र टिनाच्या छतावर पॅनल जवळजवळ टेकवून बसवले आणि खालून हवा खेळायला वीतभर फट ठेवली नाही, तर घट आणखी वाढते. पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरचेही तसेच. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगला की ऐन दुपारी तो स्वतःला वाचवण्यासाठी क्षमता कमी करतो. त्याची जागा जिन्याच्या सावलीत, मोकळ्या हवेत.

उन्हाळ्यात जागा पाहण्याचा खरा घोटाळा सावलीचा आहे. नवतपाच्या म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, २६ मेच्या सुमारास, नागपुरात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. सावली पायाखाली लपते. त्या दिवशी गच्ची पाहणाऱ्याला टाकी, जिन्याची खोली, शेजारची भिंत, काहीच आडवे येत नाही. २१ डिसेंबरला हाच सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेला ४५ अंशांवरच राहतो. चार फुटांच्या ओट्यावर पाच फुटांची टाकी असेल, तर दुपारी तिची सावली उत्तरेला नऊ फूट पडते. सकाळी नऊच्या सुमारास ती उंचीच्या जवळपास दुप्पट, म्हणजे सतरा फुटांपर्यंत, वायव्येकडे लांबते. गंमत अशी की आकाश निरभ्र आणि हवा थंड असल्यामुळे पॅनल चांगले चालण्याचे दिवसही हेच.

सावली थोडीशीच आहे, असे म्हणून सोडू नये. पॅनलमधले सेल, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चकत्या, एकामागे एक जोडलेले असतात. एक झाकला की त्याच्या रांगेतल्या सगळ्यांचा करंट अडतो. मग मागच्या डब्यातला बायपास डायोड तेवढा भाग वगळून वीज पुढे नेतो. बहुतेक पॅनलना असे तीन डायोड असतात, त्यामुळे टाकीच्या पाइपाची हातभर सावलीही पॅनलचा एक तृतीयांश भाग बंद पाडू शकते. म्हणून ग्राहकांनी कोटेशनसोबत २१ डिसेंबरची सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजताची सावली गच्चीच्या नकाशावर काढून मागावी. सरकारी अनुदानाच्या अर्जालाही हा नकाशा सक्तीचा करावा, अशी आमची सूचना आहे. मोबाइलच्या अ‍ॅपवर पंधरा मिनिटांचे काम आहे.

पॅनलचे तोंड दक्षिणेला आणि कल १५ ते २१ अंश ठेवावा. वाळवणाला जागा हवी म्हणून आठ फूट उंच सांगाडा बरेच जण मागतात. मागणी रास्त आहे, पण मे-जूनच्या वावटळीत तो पतंगासारखा ओढला जातो. पाय स्लॅबला नुसत्या बोल्टने न धरता काँक्रीटच्या ठोकळ्यांत घट्ट बसवावेत, आणि लोखंड गरम झिंकात बुडवलेले घ्यावे; रंग मारलेले दोन पावसाळ्यांत गंजते.

धुळीचे म्हणाल, तर वरची काच बऱ्यापैकी स्वच्छ दिसते आणि खालच्या कडेला, फ्रेमपाशी, बोटभर मातीची पट्टी साचते. लांब बाजू वर-खाली ठेवून बसवलेल्या पॅनलमध्ये ती सेलची अख्खी खालची ओळ झाकते, म्हणजे तिन्ही डायोडचे भाग एकदम मार खातात. पावसाळा सोडून दर दहा-पंधरा दिवसांनी उजाडता उजाडता मऊ पोछ्याने पुसावे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये, तडा जाऊ शकतो. बोअरचे जड पाणी काचेवर तसेच वाळू दिले की क्षारांचे पांढरे डाग बसतात, ते साध्या पाण्याने निघत नाहीत. सहा पॅनलच्या माळेत अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी वीज असते आणि ऊन आहे तोवर ती बंद करता येत नाही. सुटलेल्या कनेक्टरला हात लावू नये.

सर्वाधिक तक्रार ऐकू येते ती ‘लाइट गेले की सोलरही बंद पडते’ ही. ते तसेच असायला हवे. लाइनमनने तारेला हात लावला असताना आपल्या गच्चीवरून त्यात वीज जाऊ नये, म्हणून बॅटरी नसलेला इन्व्हर्टर पुरवठा गेल्याबरोबर थांबतो. कूलर चालू ठेवायचा असेल, तर हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरीचा खर्च वेगळा धरावा. लाइट असतानाच दुपारी इन्व्हर्टर वारंवार ट्रिप होत असेल, तर बहुधा व्होल्टेज मर्यादेबाहेर चढत असते. अशा वेळी इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल लांब आणि बारीक आहे का, ते आधी तपासावे.

राहिला संच केवढा घ्यायचा हा प्रश्न. एक किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज चारेक युनिटे मिळतात. त्यामुळे मेच्या बिलावरून नव्हे, बारा महिन्यांच्या बिलांची बेरीज करून संच ठरवावा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे अनुदान ७८,००० रुपयांवर थांबते. पुढचा प्रत्येक किलोवॉट पूर्णपणे स्वतःच्या खिशातून. वापरून उरलेली, लाइनीत गेलेली जास्तीची युनिटे त्याच आर्थिक वर्षात पुढच्या बिलांत वळती होतात, ३१ मार्चनंतर उरलेल्यांचे पैसे घरगुती दरापेक्षा बरेच कमी मिळतात. आणि ‘बिल शून्य’ म्हणणाऱ्याला बिलातला दरमहाचा स्थिर आकार कोण भरणार, हे जरूर विचारावे.

आपले,
गच्चीवरील सौर संच उभारणीतील काही तंत्रज्ञ, नागपूर